पंखा फिरेना, काटा उतरेना

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत मागे टाकलं की गाडी निवांत ऐंशीच्या वेगानं पळते. एसी गार हवा देत असतो, तापमानाचा काटा मधोमध स्थिर असतो. केडगाव-चौफुल्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यातली एखादी वळणावर अडकलेली. गाडी थांबते. पाच मिनिटांत एसीची हवा कोमट होते, आणखी पाच मिनिटांत काटा वर सरकायला लागतो. चालक घाबरून गाडी बाजूला घेणार, एवढ्यात रस्ता मोकळा होतो. वरवंडपर्यंत काटा आपोआप मध्यावर येतो. पाटसच्या टोलनाक्यावर थांबलं की पुन्हा तेच.

हे कोडं दौंड-शिरूर भागातल्या बहुतेक गाडीवाल्यांनी कधी ना कधी अनुभवलेलं असतं. जोरात पळताना इंजिन जास्त इंधन जाळतं, जास्त काम करतं, म्हणजे तेव्हा जास्त तापायला हवं. उभ्या गाडीत ते नुसतं गुरगुरत असतं. मग तापायचं ते उभ्यानंच का तापतं? उत्तर बॉनेटखालच्या एका पंख्यात आहे. हा पंखा बंद पडला की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो, 'डायरेक्ट करून टाकू'. या सल्ल्याला माझा विरोध आहे. तो का, हे समजायला आधी पंखा कसा चालतो ते पाहू.

उष्णता जाते कुठे?

गाडीत भरलेल्या पेट्रोल-डिझेलमधली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ हिशेब असा, की सुमारे एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायला लागते, तेवढीच सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत मुरते. ही शेवटची उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत जाम होतील. ते काम कूलंट करतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. त्यात गंज रोखणारी द्रव्यंही असतात.

वॉटर पंप हे कूलंट इंजिनाच्या आतल्या वाटांतून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत ते आतल्या आतच फिरतं, कारण बाहेरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. झडपेत मेणाची एक छोटी डबी असते. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोहोचलं की मेण वितळतं, फुगतं आणि झडप उघडतं. मग गरम कूलंट पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं.

कपातला चहा गरम असला की आपण तो बशीत ओततो आणि वर फुंकर मारतो. बशीत चहा पसरतो, हवेला जास्त जागा भेटते; फुंकर वरची तापलेली हवा बाजूला सारून गार हवा आणते. रेडिएटर ही बशी आहे. बारीक चपट्या नळ्या आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या चुण्या यांमुळे थोड्याशा जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो. फुंकर मात्र दोन तऱ्हांनी मिळते. गाडी ताशी ८० किलोमीटरनं धावत असेल, तर सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाची हवा पुढच्या जाळीवर येऊन आदळते. एवढ्या वाऱ्यात पंख्याची काही गरज उरत नाही. गाडी उभी राहिली की हा वारा शून्यावर येतो, आणि तेव्हा फुंकर मारायला फक्त पंखा असतो.

निदानाची पहिली खूण इथेच मिळते. गाडी फक्त थांबल्यावर किंवा रांगेत तापत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. महामार्गावर पळताना किंवा रोटी घाट चढताना तापत असेल, तर पंखा बहुधा निर्दोष असतो. दोष कूलंट, थर्मोस्टॅट, पंप किंवा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये शोधावा. हा एक प्रश्न गॅरेजमध्ये शिरण्यापूर्वीच स्वतःला विचारला, तर निम्मं काम होतं.

उन्हाळ्यात त्रास का वाढतो, तेही यातूनच कळतं. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि रात्रीची हवा २२ अंशांवर असेल, तर फरक ७३ अंशांचा. मे महिन्यात दुपारी दौंडला पारा ४२ वर असेल, तर फरक ५३ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद पाऊण झाली. त्यात एसी चालू असेल तर त्याची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे बसवलेली असते. रेडिएटरला मिळणारी हवा आधीच कंडेन्सरवरून तापून आलेली असते. हिवाळ्यात लपून राहिलेला पंख्याचा दोष एप्रिलमध्ये उघडा पडतो, तो यामुळे.

पट्ट्यावरचा पंखा आणि विजेचा पंखा

जुन्या जीप, अँबॅसिडर, ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्यात पंखा इंजिनाच्या तोंडाशी असतो आणि पट्ट्यानं फिरतो. इंजिन चालू तर पंखा चालू, असं त्याचं साधं काम. यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पट्टा सैल झाला किंवा तुटला, एवढंच. पण गरज नसतानाही पंखा फिरत राहतो, इंधन खातो आणि इंजिनाला वेळेवर गरम होऊ देत नाही.

यावर एक तोडगा म्हणजे व्हिस्कस फॅन. लांब बॉनेटच्या अनेक डिझेल गाड्यांत तो दिसतो. पंखा आणि फिरणारा दांडा यांच्यामध्ये सिलिकॉन तेलानं भरलेली चकती असते. चकतीच्या तोंडावर दोन धातूंची एक पट्टी असते, ती रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेनं वाकते आणि तेलाची वाट उघडते. तेल फटींत शिरलं की पंखा दांड्याबरोबर घट्ट फिरायला लागतो. हवा गार झाली की तेल मागे सरतं आणि पंखा ढिला पडतो. अशा गाडीत इंजिन चांगलं तापलेलं असताना ते बंद करून पंखा हातानं फिरवून पाहावा. तो सहज, गरगर फिरला तर चकतीतलं तेल गेलं आहे असं समजावं. थोडा जड फिरायला हवा. चकतीभोवती तेलकट धूळ जमलेली दिसली, तर शंकाच नको.

आपल्याकडे विजेचा पंखा घरोघरी पोहोचला तो मारुती ८०० मुळे. १९८३ साली आलेल्या या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं होतं. इंजिन आडवं म्हणजे त्याचं तोंड गाडीच्या कडेला. मग पुढे असलेल्या रेडिएटरसमोर पट्ट्याचा पंखा फिरवणार कसा? म्हणून वेगळी मोटर. १९९८ मध्ये पुण्यात बनलेली टाटा इंडिका आली, तिचीही मांडणी तीच, आणि आजच्या जवळजवळ सगळ्या लहान गाड्यांचीही तीच.

रेल्वेचं गाव असलेल्या दौंडला इथे एक आठवण करून द्यायला हवी. दौंड-मनमाड मार्गावर विजेच्या तारा येण्याआधी वर्षानुवर्षं डिझेल इंजिनं धावली. डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनात रेडिएटरचा मोठा पंखा चुंबकीय क्लचमधून फिरतो, आणि पाणी ठराविक तापमानाला पोहोचलं की तापमानाचा स्विच त्या क्लचला वीज देतो. आकार अवाढव्य, पण तत्त्व तेच: पाणी सांगेल तेव्हाच पंखा फिरायचा.

पंख्याला हुकूम कोण देतो?

विजेच्या पंख्यापर्यंत हुकूम एका साखळीतून पोहोचतो. कूलंटच्या वाटेवर एक सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. इंजिनाचा छोटा संगणक, ज्याला गॅरेजवाले ईसीएम म्हणतात, तो हा बदल वाचतो. साधारण ९५ अंशांच्या आसपास तो पंखा सुरू करायला सांगतो आणि पाच-सहा अंश उतरले की बंद करायला. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे असतात. जुन्या गाड्यांत संगणक नव्हता. रेडिएटरलाच दोन तारांचा तापमानाचा स्विच बसवलेला असे आणि तो थेट जोड लावत असे.

पण ईसीएम पंखा स्वतः फिरवू शकत नाही. पंख्याच्या मोटरीला दहा ते वीस अँपिअर करंट लागतो, आणि फिरायला सुरुवात होताना क्षणभर त्याहूनही बराच जास्त. ईसीएमच्या नाजूक तारा त्यात जळून जातील. म्हणून मध्ये रिले असतो. रिलेच्या आत तारेचं एक छोटं वेटोळं असतं. त्याला अगदी थोडा करंट मिळाला की त्याचं चुंबक होतं, ते धातूची एक पट्टी खाली खेचतं, आणि त्या पट्टीनं जाड तारांचा मोठा जोड लागतो. 'टिक' असा आवाज येतो तो या पट्टीचा. बॅटरीपासून रिलेपर्यंतच्या वाटेवर फ्यूज असतो, बहुतेक गाड्यांत ३० किंवा ४० अँपिअरचा. पुढे मोटर, आणि मोटरीतून बाहेर पडलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो, त्याला अर्थिंग म्हणतात.

एसीचा एक वेगळा हुकूमही असतो. एसी चालू केला की कंडेन्सरला हवा हवीच असते, म्हणून बहुतेक गाड्यांत इंजिन थंड असलं तरी पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला लागतो. निदानासाठी ही सोय फार मोलाची आहे.

गाडी बंद करून चावी काढल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहिला, तर तो बिघाड नव्हे. काही गाड्यांत तशी रचनाच असते. इंजिन थांबलं की पंप थांबतो, कूलंट जागीच उभं राहतं आणि तापलेल्या धातूमुळे त्याचं तापमान उलट थोडं चढतं. तेवढ्यापुरता पंखा फिरतो. हीच गोष्ट धोक्याचीही आहे: इंजिन बंद दिसलं तरी पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो. पंख्याला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. ओढणी, साडीचा पदर, उपरणं जवळ नेऊ नये.

साखळी कुठे तुटली?

सुरुवात रिकाम्या हातानं करावी. इंजिन पूर्ण थंड असताना प्लॅस्टिकच्या टाकीतलं कूलंट दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहावं. कूलंटच नसेल तर सेन्सर कोरडा राहतो. त्याला तापमान कळत नाही आणि पंखा सुरू होत नाही. पंख्याच्या दोषाची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत दोष गळतीचा निघतो, तो असा.

मग इंजिन चालू करून एसी लावावा आणि पंख्याकडे बघावं. या एका परीक्षेनं साखळीचे दोन तुकडे होतात. एसीवर पंखा फिरला, तर मोटर चांगली, फ्यूज चांगला, अर्थिंग चांगलं. दोष तापमान सांगणाऱ्या बाजूला आहे. काही गाड्यांत मात्र दोन पंखे असतात, एक इंजिनाचा आणि एक एसीचा; तिथे कोणता फिरतोय ते नीट बघावं लागतं.

तापमानाच्या बाजूला दोष असेल, तर इंजिन चालू असताना सेन्सरचा सॉकेट काढून पाहता येतो. तापमान कळेनासं झालं की बहुतेक नव्या गाड्यांचा ईसीएम सावधगिरी म्हणून पंखा सरळ चालू करून टाकतो, आणि इंजिनाचा पिवळा दिवाही लावतो. पंखा असा लागला, तर रिलेपर्यंतची वाट शाबूत आहे आणि सेन्सरवर संशय पक्का होतो. जुन्या गाडीत स्विचच्या दोन्ही तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा. फिरला, तर स्विच बदलावा. त्याआधी एकदा खात्री करावी, की गरम कूलंट त्या स्विचपर्यंत पोहोचतंय तरी का. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असेल, तर इंजिन उकळत असतं आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूला बसवलेला स्विच मात्र गारच राहतो.

एसी लावूनही पंखा हलला नाही, तर दुसऱ्या तुकड्याकडे वळावं. आधी फ्यूज. तो उडालेला दिसला, तर नवा बसवावा, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. फ्यूज उगाच उडत नाही. मोटर जड फिरू लागली की ती जास्त करंट ओढते आणि फ्यूज जातो. म्हणून बॅटरीची तार काढून पंखा हातानं फिरवून पाहावा. तो घासत, अडखळत फिरत असेल, तर मोटरीचे बेअरिंग गेले आहेत. अशा गाडीत ३० च्या जागी ४० चा फ्यूज बसवणं म्हणजे आग लागायची सोय करणं. तारा ज्या फ्यूजच्या भरवशावर निवडलेल्या असतात, तोच फ्यूज तिथे हवा.

मग रिले. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर कोणता रिले कशाचा, याचा नकाशा असतो. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, म्हणजे बऱ्याचदा हॉर्नचा, काढून पंख्याच्या जागी लावून बघावा. पंखा फिरला तर दहा मिनिटांत आणि जवळजवळ फुकटात निदान झालं. 'टिक' आवाज येतो म्हणजे रिले चांगला, असं मात्र धरू नये. वेटोळं चांगलं असूनही आतले जोडाचे ठिपके जळून काळे पडलेले असतात. पट्टी हलते, आवाज येतो, करंट जात नाही.

तरीही पंखा थंडच असेल, तर मोटरीचा सॉकेट काढून तिला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन तारांनी थेट बारा व्होल्ट द्यावेत. हे काम वायरमनकडूनच करून घेतलेलं बरं. मोटर फिरली नाही, तर तिचे कार्बन झिजलेले असण्याची शक्यता मोठी. अशा मोटरीवर पान्याच्या मुठीनं हलकेच ठोकलं की ती कधीकधी अचानक फिरायला लागते. झिजलेला कार्बन क्षणभर पुन्हा टेकतो. ठोकल्यावर चालणारी मोटर आज घरी पोहोचवेल, पण ती बदलायची वेळ झालेली आहे.

मोटर थेट दिल्यावर छान फिरते आणि गाडीच्या वायरिंगवर फिरत नाही, तेव्हा सॉकेट हातात घेऊन नीट बघावा. हे दृश्य वायरमन लोकांच्या रोजच्या ओळखीचं आहे: पांढरं किंवा राखाडी प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी पडलेलं, पिनेवर हिरवट गंज, तार कडक झालेली. हिशेब असा आहे. गंजामुळे त्या जोडात फक्त ०.२ ओहमचा रोध आला आणि मोटर १५ अँपिअर ओढत असेल, तर त्या एवढ्याशा जागी ३ व्होल्ट खर्च होतात. तीन गुणिले पंधरा, म्हणजे ४५ वॅटची उष्णता एका पिनेवर. प्लॅस्टिक वितळणारच. मोटरीला उरलेल्या व्होल्टमध्ये पंखा फिरतो, पण रेंगाळत. चालकाला पंखा फिरताना दिसतो, म्हणून तो निर्धास्त राहतो, आणि गाडी तापते. नुसतं टेस्टिंग लॅम्पनं तपासलं तर हा दोष सापडत नाही, कारण छोट्या दिव्याला फार थोडा करंट लागतो आणि तो त्या गंजातूनही झक्क पेटतो. पंखा चालू असताना मीटर लावून व्होल्ट मोजावे लागतात.

दोन वेगांच्या पंख्यात आणखी एक गंमत असते. कमी वेगासाठी मध्ये एक रेझिस्टर लावलेला असतो. तो जळाला की कमी वेग मरतो आणि जास्त वेग शिल्लक राहतो. तापमान बरंच वर गेल्यावर पंखा एकदम घरघरत सुरू होतो, तोवर काहीच नाही. असं होत असेल, तर मोटर बदलून उपयोग नाही.

उलटा प्रकारही होतो, पंखा बंदच होत नाही. रिलेचे ठिपके एकमेकांना चिकटले किंवा सेन्सरची तार तुटली की असं घडतं. पहिल्या प्रकारात चावी काढल्यावरही पंखा फिरत राहू शकतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

पंखा फिरतोय, तरी गाडी तापते

मोटर बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर आधी पंखा उलटा फिरतोय का ते बघावं. दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलट फिरते आणि हवा आत ओढण्याऐवजी पुढे ढकलते. पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून अंगावर येत असेल, तर तारा बदला.

या भागातल्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. दिवाळीनंतर पाटसच्या भीमा कारखान्याच्या, आलेगावच्या दौंड शुगरच्या वाटेवर हंगाम सुरू होतो. रस्त्यावर उसाचं पाचट, धूळ, माती असते. ट्रॉलीच्या मागे चाललेल्या गाडीच्या जाळीत ते सगळं जातं. समोरून बघितलं तर जाळी साफ दिसते, कारण कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसतो. तिथे पाचटाचा धागा, किडे आणि चिखल यांचा नमदा तयार होतो. पंखा पूर्ण वेगानं फिरला तरी हवा ओढणार कुठून? हंगाम संपला की दोन्ही जाळ्या थोड्या बाजूला करून मधली फट मागून पुढे, हलक्या पाण्यानं धुवून घ्यावी. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं पत्र्याच्या चुण्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

आतून तुंबणं हा वेगळा विषय. कूलंट कमी झालं की त्यात बोअरचं पाणी ओतायची सवय आपल्याकडे आहे. या भागातलं बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतही बसतो. आजचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले. जुन्या पितळी रेडिएटरसारखं त्यांचं तोंड उघडून सळईनं नळ्या साफ करता येत नाहीत. तयार कूलंटच वापरावं; अगदीच नसेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी.

थर्मोस्टॅट ओळखायची खूण सोपी आहे. काटा वर आहे, रेडिएटरचा वरचा होज पाइप कडकडीत गरम आणि खालचा गार, तर झडप उघडलेली नाही. सीएनजी किट बसवल्यानंतर लगेच गाडी तापू लागली असेल, तर हवा अडकल्याचा संशय घ्यावा. गॅसचा रेड्युसर गरम ठेवण्यासाठी कूलंटच्या वाटेला फाटा काढतात. ते करताना शिरलेली हवा नीट काढली नाही, तर कूलंट फिरत नाही.

चौकट: रस्त्यात काटा वर गेला तर

एसी लगेच बंद करा. काचा खाली घेऊन हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर लावा. हीटर हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओतेल. त्रास होईल, पण इंजिन वाचेल. पुढचा रस्ता मोकळा असेल तर सावकाश चालत राहणं हे उभं राहण्यापेक्षा बरं. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला, तर मात्र एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किमान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. ज्या नव्या गाड्यांत काटाच नाही, त्यांत निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे आणि लाल म्हणजे थांबा.

झाकण उघडायचं नाही, ते का?

उघड्या भांड्यात दौंडच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिनात ते उकळू नये म्हणून झाकणाच्या स्प्रिंगनं आत सुमारे एक बारचा जादा दाब राखलेला असतो. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो. ११० अंशांवरचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर, छातीवर उसळतं. फडकं धरून उघडलं तरी हात आणि चेहरा भाजतो. झाकणाची स्प्रिंग आणि रबर म्हातारं झालं, तर हा दाब टिकत नाही आणि गाडी लवकर उकळते, म्हणून स्वस्तातलं हे झाकणही तपासून घ्यावं.

'डायरेक्ट' म्हणजे काय होतं

सेन्सर, रिले यांचा शोध घेण्याऐवजी पंख्याची तार चावीच्या करंटला जोडून टाकतात. चावी फिरवली की पंखा चालू, बंद केली की बंद. काही जण डॅशबोर्डवर एक बटण बसवतात. रात्री अकरा वाजता कुरकुंभच्या पुढे गाडी बंद पडलेली असेल, तर घरी पोहोचण्यासाठी हा उपाय योग्यच आहे. तो कायमचा ठेवणं चुकीचं आहे.

मोटर आता सतत फिरते, तिचे कार्बन लवकर झिजतात. चावीच्या स्विचमधून तो मोठा करंट गेला तर स्विचचे जोड जळतात, आणि ही जोडणी अनेकदा फ्यूजशिवाय केलेली असते. सगळ्यांत मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. कूलंटचा तो सेन्सर फक्त पंख्यासाठी नसतो. इंजिन थंड आहे की गरम, यावरून ईसीएम किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. बिघडलेला सेन्सर इंजिन कायम थंड असल्याचं सांगत राहिला, तर ईसीएम गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत राहतो. पंखा डायरेक्ट केल्यामुळे गाडी तापत नाही, मालक खूश असतो, आणि अ‍ॅव्हरेज का पडलं याचा पत्ता लागत नाही. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची पद्धतही याच पंथातली. त्यानं इंजिन कधीच नीट गरम होत नाही, तेल घट्ट राहतं, झीज वाढते आणि इंधन जास्त जळतं.

एकदा इंजिन खरोखर उकळलं, की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जळतं, कूलंट तेलात मिसळतं. मग हेड उतरवून फेस मारून घेण्याशिवाय इलाज राहत नाही. रिले, सेन्सर, फ्यूज, झाकण या सगळ्यांची मिळून किंमत त्या एका कामाच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही.

तेव्हा होळीच्या आधी एका सकाळी बॉनेट उघडा, टाकीतलं कूलंट बघा आणि एसी लावून पंखा जोरात फिरतोय का ते पाहा. मग एसी बंद करून गाडी जागेवरच चालू ठेवा आणि पंखा आपणहून सुरू होऊन आपणहून थांबतो का, तेही बघा; काटा मध्याच्या वर चढू लागला आणि तरी पंखा लागला नाही, तर इंजिन तिथेच बंद करा. तुमच्या गाडीचा पंखा आधीच कुणी डायरेक्ट केलेला असेल, तर ती जोडणी काढून मूळ साखळी दुरुस्त करून घ्या, आणि नेमका कोणता भाग खराब होता हे मेस्त्रीकडून बिलावर लिहून घ्या.